भिंतीच्या विटा बाहेर जातात कशा?

प्रश्न : बॅक्टेरियाच्या भिंतीचा माल आत बनतो अन् भिंत तर बाहेर, मग मधल्या तेलकट पडद्यातून तो जातो कसा? – बीएस्सीचा विद्यार्थी, महाल, नागपूर

उत्तर : भारी विचारलंस भाऊ, यावर शास्त्रज्ञही खूप भांडलेत. वीट म्हणजे लिपिड-दोन, दोन साखरा, एकीला पाच अमिनो आम्लांची शेपटी, अन् सगळं ५५ कार्बनच्या चरबीच्या दोरीला बांधलेलं. दोरी पडद्यात आरामात बसते पण साखर शिरत नाही, सावजी रश्श्याच्या तर्रीत चमचाभर टाकून बघ, विरघळतच नाही. इथं मर-जे नावाचं प्रोटीन कामी येतं, मधे पोकळी, ती आतून उघडते, माल घेते, मग आतून बंद होऊन बाहेरून उघडते. ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियामध्ये हे २०१४ साली दाखवलं गेलं. पेनिसिलिन मात्र बाहेर विटा जोडणाऱ्या प्रोटीनलाच अडवतं.