शाळा समितीची निवड: पालकांची पाच पत्रं

शाळा उघडल्या की शाळा व्यवस्थापन समित्यांच्या फेरनिवडीला सुरुवात होते आणि माझ्याकडे पत्रं येऊ लागतात. बरीच वर्षं केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी म्हणून, मी या समित्यांची इतिवृत्तं वाचली आहेत. या वेळच्या पत्रांपैकी पाच इथे घेतो.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा झालीच नाही. मुलांच्या हाती रजिस्टर घरी पाठवलं, आम्ही सह्या केल्या आणि चार दिवसांनी कळलं की समिती ‘बिनविरोध’ झाली. हे चालतं का?
— तिसरीतल्या मुलीची आई, सातारा जिल्हा

चालत नाही, ताई. निवड पालकसभेत व्हायला हवी. न झालेल्या सभेच्या सह्या गोळा करणं म्हणजे तुमचा हक्क तुमच्याच हाताने काढून घेणं.

समिती कशी असावी हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या राज्याने १७ जून २०१० च्या शासन निर्णयात याचा तपशील दिला. त्यानुसार समिती १२ ते १६ जणांची असते. पालक सोडून उरलेल्या जागांवर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेचा एक सदस्य, शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि पालकांनी निवडलेला गावातला शिक्षणाचा जाणकार असे लोक येतात. अध्यक्ष पालकांमधूनच होतो. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. सभा बोलावणं आणि इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. माणसं ठरवणं हे त्यांचं काम नाही. दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनते.

बिनविरोध निवडीत मुळात वाईट काही नाही. सभेत नावं पुकारली गेली, कोणी हरकत घेतली नाही, तर ती खरी बिनविरोध. एकदा एका शाळेच्या इतिवृत्तात साठाच्या वर पालकांची हजेरी होती. सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या. मी वस्तीवर जाऊन तिघी आयांना विचारलं. तिघींनाही सभेचा पत्ता नव्हता. पुन्हा सभा लावली ती संध्याकाळी, शाळेच्या ओट्यावर. एकेका इयत्तेचे पालक वेगळे बसले आणि त्यांनी आपापली माणसं हात वर करून निवडली. दोन तास लागले. आधीच्या यादीतली फक्त चार नावं टिकली. मतपत्रिकाच हवी असं कलम २१ म्हणत नाही. हात वर करून किंवा साध्या चिठ्ठीवर नाव लिहूनही निवड होते. सगळ्यांसमोर झाली पाहिजे, एवढंच.

तुम्ही पाच-सहा पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि सभेची सूचना व इतिवृत्ताची प्रत मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. उत्तर आलं नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. दहा रुपयांचं शुल्क भरून माहिती अधिकारातही ही कागदपत्रं मिळतात. एकट्याने जाऊ नका. एकट्या आईला ‘तुमच्या मुलीकडे लक्ष देऊ’ असं गोड बोलून परत पाठवतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझी वहिनी समितीवर निवडून आली, पण बैठकीला दादा जातो आणि तिच्या नावाची सहीही तोच करतो. कोणालाच यात वावगं वाटत नाही.
— बीड जिल्हा

मला वाटतं, आणि फार वाटतं. दुसऱ्याच्या नावाची सही करणं हा गुन्हा आहे, हे दादांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. तसल्या सहीवर झालेला ठराव उद्या कोणी उकरला तर अडचणीत वहिनीच येतील.

पण दोष एकट्या दादांचा नाही. बैठक किती वाजता लागते ते बघा. बहुतेक ठिकाणी सकाळी अकराला, ऐन कामाच्या दिवशी. खुरपणीला जाणाऱ्या बाईची तेवढ्यासाठी मजुरी बुडते. एकदा बुडवेल, दोनदा बुडवेल, तिसऱ्यांदा नवऱ्याला म्हणेल, तुम्हीच जा. बैठक दर महिन्याला व्हायची असते. ती संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी ठेवा, असा ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्या. आणखी एक. वहिनींना म्हणावं, पहिल्या दोन बैठकांत काही बोलला नाहीत तरी चालेल. पण पोषण आहाराची नोंदवही मागून बघा. तांदूळ किती आला, किती शिजला, त्या दिवशी मुलं किती होती. घरात रोज दहा माणसांचा भात घालणाऱ्या बाईला तो हिशेब कोणत्याही साहेबापेक्षा लवकर कळतो.

मी रिक्षा चालवतो. अध्यक्ष झालो आहे. मुख्याध्यापक म्हणाले, ‘तुम्ही फक्त सह्या करा, बाकी मी बघतो.’ कशावर सही करायची, कशावर नाही?
— नाशिक

अभिनंदन. आणि कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या ठरावावर सही करायची नाही, कधीही नाही. मुख्याध्यापक भला माणूस असला तरी नाही. तुमच्या नकाराने त्यांचंही रक्षण होतं.

पैसा कुठून येतो ते आधी समजून घ्या. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख, अशा या वरच्या मर्यादा आहेत. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. वर्षाला पन्नास हजार म्हणजे फार मोठी रक्कम नाही. त्यातच खडू, वीजबिल, नळाची दुरुस्ती. म्हणून तर प्रत्येक रुपया कुठे गेला हे पालकांना कळायला हवं. खर्चाचा कागद शाळेच्या फलकावर लावा. माझ्या अनुभवात एवढ्या एका गोष्टीने अर्ध्या कुरबुरी थांबल्या.

दुसरं, गणवेश. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून राज्याने कापडाची खरेदी एकत्र केली आणि शिलाई बचत गटांकडे दिली. कित्येक शाळांत पोरांना महिनोन्महिने गणवेश मिळाला नाही. मिळाला तो कोणाला ढगळ, कोणाला तोकडा. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा समित्यांकडे आलं. गावातल्या शिंप्याला पोराची उंची माहीत असते, हे मंत्रालयाला उशिरा उमगलं. आता मात्र जबाबदारी तुमची. दोन-तीन दुकानांतून लेखी दर घ्या, कापड हाताने चोळून बघा आणि आयांना सोबत न्या.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, शाळा विकास आराखडा. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो समितीने करायचा असतो. प्रत्यक्षात तो मागच्या वर्षीचा आकडे बदलून उतरवला जातो. तुम्ही एक दिवस काढा आणि वर्गावर्गांतून फिरा. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? पाणी येतं का? पाचवीतलं पोर दुसरीचं पुस्तक वाचतं का? जे दिसेल ते आराखड्यात लिहा. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला हे जमणार नाही असं कोणी म्हणालं, तर ऐकू नका.

आमच्या लहानपणी ‘स्कूल बोर्डाची शाळा’ म्हणत. त्या बोर्डाचं पुढे काय झालं?
— एक आजोबा, पुणे

आजोबा, ब्रिटिश काळात, १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. पुढे १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या तेव्हा खेड्यांतल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरांत शिक्षण मंडळं राहिली. त्यांचे सदस्य नगरसेवक निवडत, पालकांना त्यात मत नव्हतं. २०१३ मध्ये राज्याने ही मंडळं बंद करायचं ठरवलं. खरेदीतले घोळ गाजले होते, त्यामुळे फार कोणी हळहळलं नाही. पण आज शहरातल्या पालिका शाळेच्या पालकाला थेट मत आहे ते फक्त त्याच्या शाळेच्या समितीत, ही गोष्ट तुमच्या नातवंडांच्या आईवडिलांना जरूर सांगा.

आमची शाळा खाजगी, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाची. शाळेने आपल्या मर्जीतले पालक घेऊन समिती केली आणि फी वाढवली. आम्ही निवडणूक मागू शकतो का?
— ठाणे

कलम २१ ची समिती विनाअनुदानित शाळांना लागू नाही. तुमच्यासाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे, आणि त्यात निवडणूकही नाही, मर्जीही नाही. तिथे चिठ्ठी काढतात. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ बनवायचा. प्रत्येक पालक त्याचा सदस्य. इच्छुक पालकांच्या नावांतून सोडत काढून कार्यकारी समिती करायची, प्रत्येक इयत्तेतून एक पालक आणि एक शिक्षक. मुदत एक वर्ष, आणि एकदा समितीवर आलेल्या पालकाचं नाव पुढची तीन वर्षं सोडतीत टाकत नाहीत. त्यामुळे तेच ते चेहरे वर्षानुवर्षं दिसत असतील तर समजा, सोडत झालेली नाही.

फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा असतो. मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. फीचे वाद ऐकणाऱ्या विभागीय शुल्क नियामक समितीकडे पालकांना जायचं असेल तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. ही अट मला जाचक वाटते, आणि ती बदलावी असं मी याआधीही लिहिलं आहे. तोवर वर्गावर्गांच्या व्हॉट्सॲप गटांतून नावं जमवायला लागा. पण सगळ्यात आधी शाळेकडे एकच कागद लेखी मागा: सोडत कोणत्या तारखेला, कोणासमोर काढली, त्याची नोंद.