केळीचं पील, पपईचं बी आणि पेशींचं विभाजन : तुमच्या प्रश्नांची उत्तरं

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो, मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीची तयारी सुरू झाली की रावेर, यावल, चोपडा भागातून दरवर्षी हेच प्रश्न येतात. जी-नाईन ह्या केळीच्या वाणाचं टिश्यू कल्चर (लॅबमध्ये वाढवलेलं) रोप बियापासून करतात का, नसेल तर एवढं महाग का, जुन्या बागेतलं पील, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू-रोप, लावलं तर काय बिघडतं? दुसरा प्रश्न पपईवाल्यांचा, तैवान ७८६ ह्या पपईच्या वाणाचं फळ छान निघालं, त्याचंच बी धरून रोपं केली तर चालेल का? आणि तिसरा, टिश्यू कल्चरच्या बागेत मधेच एखादं झाड वेगळं का निघतं. तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे पेशी कशी विभागते, म्हणून एकत्रच सांगतो.

पेशी दोन पद्धतीने विभागते. झाड वाढतं तेव्हा एका पेशीच्या दोन होतात, पण त्याआधी आतल्या सगळ्या गुणसूत्रांची (झाडाचे गुण ठरवणाऱ्या धाग्यांची) हुबेहूब दुसरी प्रत तयार होते आणि दोन्ही पेशींना एकेक पूर्ण संच मिळतो. म्हणजे नवीन पेशी जुनीसारखीच. दुसरी पद्धत फक्त फुलात चालते, तिथे परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रं आधी जोडीने एकत्र येतात, आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात आणि मग निम्मी निम्मी वाटली जातात. त्यामुळे प्रत्येक परागकण वेगळा आणि प्रत्येक बी वेगळं.

आता केळी घ्या. जी-नाईनच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, अकरा त्रिक तेहेतीस. साध्या वाढीला त्याची काही अडचण नाही, पण फुलात जोड्या लावायची वेळ आली की तिसरा संच मधे येतो, वाटणी नीट होत नाही आणि बी धरत नाही. फळ मात्र परागीकरणाशिवायच भरतं. पिकलेलं केळ आडवं कापून बघा, मधोमध बारीक काळसर ठिपके दिसतील, ती न वाढलेली बीजं आहेत. सह्याद्रीत चवई उगवते ती केळीच्याच कुळातली, तिचं फळ मात्र टणक काळ्या बियांनी भरलेलं असतं.

म्हणजे केळीची लागवड पिलाची असो की लॅबची, दोन्ही पहिल्याच पद्धतीची, आईची प्रत. एखादं तलवारी पील मधोमध उभं चिरून बघा, कंदाच्या माथ्यावर पानांच्या आवरणात दडलेला पांढरा कोवळा शेंडा दिसेल, त्याचं टोक जेमतेम टाचणीच्या माथ्याएवढं, आणि सगळी नवीन पानं आणि पुढे कमळ, म्हणजे केळफूलसुद्धा तिथूनच येतं. लॅबमध्ये हाच शेंडा घेऊन साखर, क्षार आणि संप्रेरक घातलेल्या माध्यमावर ठेवतात, त्याला फुटवे येतात, ते वेगळे करून परत नव्या माध्यमावर. वाण तोच राहतो. मग पैसे कशाचे देतो आपण? एका वयाच्या, एकसारख्या, रोगमुक्त रोपांचे. पिलासोबत जुन्या बागेतला सोंडकिडा, सूत्रकृमी आणि विषाणू नवीन वावरात येतात, माझ्या मते बहुतेकांचं नुकसान वाणाने नाही, ह्यानेच होतं. तरी पीलच लावायचं असेल तर निरोगी बागेतलं, अरुंद पानांचं तलवारी पील घ्या, रुंद पानांचं पाणपील नको, कंद सारख्या वजनाचे निवडा आणि कंदप्रक्रिया (लावण्याआधी कंदाला औषध लावणं) केल्याशिवाय लावू नका.

पपईचं बी मात्र धरू नका भाऊ. ७८६ हा संकरित वाण आहे, तुम्ही त्याचं बी पेरलं की दुसऱ्या पद्धतीची अदलाबदल झालेली असते, उंची, गोडी, फळाचा आकार सगळं विस्कटतं. त्यात लिंगाचाही प्रश्न आहे. लांबट फळ देणाऱ्या उभयलिंगी झाडाचं स्वतःच्याच परागाने धरलेलं बी पेरलं तरी साधारण तीन रोपांत दोन उभयलिंगी आणि एक मादी निघते, मादीचं फळ गोलसर असतं आणि व्यापारी ते मागे ठेवतो. शेजारी देशी पपईचं नर झाड असेल तर त्याचा पराग येऊन तुमच्या रोपांत नरही निघतील, ज्यांना फळच नाही. वर्षभर पाणी-खत घालून हे कळण्यापेक्षा दरवेळी नवीन बी घेतलेलं परवडतं.

आता वेगळ्या झाडाबद्दल. लॅबमध्ये विभाजन भराभर चालतं, प्रत काढताना कधीतरी चूक होते आणि ती चूक पुढच्या प्रत्येक पेशीत जाते. म्हणून एका शेंड्यापासून साधारण आठ वेळापेक्षा जास्त पुनर्वाढ (फुटवे वेगळे करून नव्या माध्यमावर ठेवणं) करू नये असा नियम आहे. रोपं घेताना विषाणू तपासणी आणि एनसीएस-टीसीपीचं, म्हणजे टिश्यू कल्चर रोपांच्या सरकारी प्रमाणीकरणाचं लेबल विचारा, लाजू नका. सेकंडरी हार्डनिंग झालेली, म्हणजे लॅबमधून काढून नर्सरीत बाहेरच्या हवेला सरावलेली, पाच-सहा पानांचीच रोपं घ्या आणि खुजी, जाड-आखूड पानांची रोपं नर्सरीतच बाजूला काढा.

पण पानावर पिवळसर पट्टे दिसले की लगेच लॅबला दोष देऊ नका, तो बऱ्याचदा हरण्या असतो, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, आणि तो मावा पसरवतो. प्रतीतल्या चुकीचं झाड जागच्या जागी राहतं, हरण्या शेजारच्या झाडांवर जातो, म्हणून वाट बघू नका. आधी माव्याचा बंदोबस्त करा, मग ते झाड कंदासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करा, बागेत आणि बांधाला काकडी, भोपळा, टरबूज घेऊ नका, तण ठेवू नका. शंका असेल तर मला फोटो पाठवताना नुसतं पान नको, पोंग्यासकट (मधल्या गुंडाळलेल्या नव्या पानासकट) पूर्ण झाड, आजूबाजूची दोन-तीन झाडं आणि लागवडीची तारीख पाठवा.