वहीत नसलेली विभक्ती

"मी रोज आत्मपरीक्षण करते, पण दर वेळी पापच हाती लागते, मग माझे तारण (पापातून सुटका) झाले आहे तरी का?" ख्रिस्ती समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न शब्द बदलून माझ्याकडे इतक्या वेळा आला आहे की समोरची व्यक्ती वाक्य पूर्ण करण्याआधीच मला त्याचा शेवट ठाऊक असतो. त्याचे उत्तर मला नीट उमगले ते एका निवृत्त शिक्षिकेमुळे. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, त्यांच्या संमतीनेच, ही हकीकत सांगते आहे.

पहिल्या भेटीला त्या एक जाड वही घेऊन आल्या. रोज रात्री तासभर बसून दिवसभरातले दोष निळ्या शाईने टिपायचे आणि तोच दोष पुन्हा घडला की शेजारी तांबडी फुली मारायची, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता. काही पानांवर फुल्या इतक्या जोर देऊन मारल्या होत्या की त्यांचे वळ मागच्या पानावर बोटाला लागत होते. अलीकडे त्यांनी प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ मंडळीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेणेही सोडले होते.

"माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी, असं पौलानेच सांगितलंय ना, ताई?"

"सांगितलंय. पण ते वाक्य तिथेच संपतं का?"

त्यांना सारे पाठ होते. "आणि मग त्या भाकरीतून खावं," असे त्या हळूच म्हणाल्या आणि गप्प झाल्या. हे वाक्य बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रातले. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी कोणी भरपेट जेवत होते, तर कोणी उपाशी राहत होते. ती बेपर्वाई पाहून पौलाने परीक्षेची आज्ञा दिली, पण तिचा शेवट मेजापाशी येण्यात आहे, मेजापासून दूर राहण्यात नाही. हे त्यांना पटले. मनात मात्र उतरले नाही, आणि पुढच्या कित्येक भेटी आम्ही त्याच जागी घुटमळत राहिलो.

मग एके दिवशी वही चाळताना मला एकदम काहीतरी खटकले. बाईंनी आयुष्यभर व्याकरण शिकवले होते, म्हणून मी त्यांच्याच भाषेत विचारले, "या वहीत संबोधन विभक्ती कुठे आहे?"

त्या हसल्या, चष्मा लावला आणि पाने उलटू लागल्या. मी रागावले, मी टाळले, मी विसरले, मी खोटे बोलले. बराच वेळ खोलीत फक्त पाने उलटण्याचा आवाज होता. शेवटी त्यांनी वही मिटली, तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि म्हणाल्या, "एकदाही हाक मारलेली नाही. इतकी वर्षं मी कोणाशी बोलत होते?"

मी उत्तर दिले नाही. समुपदेशकाने कधी गप्प बसावे हे मला उशिराच कळले, पण त्या दिवशी ते साधले याचे समाधान आजही आहे.

माझा कल लपवत नाही: ख्रिस्ती आत्मपरीक्षण हा मुळात संवाद आहे, असे मी मानते. बायबलमधल्या १३९व्या स्तोत्राचा कर्ता स्वतःची झडती घेत नाही, तर 'देवा, तू माझे अंतःकरण पारखून पाहा' अशी विनवणी करतो. पौलही करिंथकरांना लिहितो की मी स्वतःचा न्याय करीत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. बाईंनी मात्र आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही जागा स्वतःच अडवल्या होत्या, त्यामुळे क्षमा करणाऱ्याला बसायला जागाच उरली नव्हती.

कॅथलिक जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेतली मी नाही, तरी त्यांचा आत्मपरीक्षणाचा क्रम मी अनेकांना सुचवते. त्यांच्या पाच टप्प्यांत पहिला देवाच्या उपकारांसाठी आभार मानण्याचा, दुसरा पाप ओळखण्यासाठी कृपा मागण्याचा, आणि दिवसाची तपासणी येते ती तिसऱ्यावर. मग क्षमा आणि सुधारणेचा निश्चय. १५२२ साली स्पेनमधल्या मनरेसा इथे ते स्वतःच कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा उकरून काढत हैराण झाले होते, हे कळले की अनेकांना धीर येतो.

दहा-पंधरा मिनिटे पुरेत. दिवसातली एकच घटना घ्यावी, पण नेमकी घ्यावी: 'मी वाईट आहे' ही कबुली नव्हे, 'आज दुपारी मी बहिणीला तोडून बोलले' ही कबुली आहे. पहिलीपुढे करण्याजोगे काहीच नसते, तर दुसरीनंतर उठून बहिणीला फोन लावता येतो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला येशूने सांगितले आहे, वहीत नोंद करायला नव्हे. मात्र क्षमा मागूनही तोच विचार दिवसभर पिच्छा सोडत नसेल आणि तीच कबुली पुन्हा पुन्हा दिल्याखेरीज राहवत नसेल, तर तो मंत्रचळाचा आजार (ओसीडी) असू शकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात विश्वासाची उणीव मुळीच नाही.

पुढच्या भेटीला बाईंनी एकच कागद आणला. त्याची सुरुवात 'हे पित्या' अशी होती, खाली आभाराच्या तीन ओळी आणि एक चूक. त्याच महिन्यात त्यांनी प्रभुभोजन घेतले. ईस्टरआधीच्या गेल्या उपवासकाळात जुनी सवय पुन्हा डोके वर काढू लागली, तेव्हा त्यांचा फोन आला, "ताई, संबोधन पुन्हा गळायला लागलंय." आम्ही त्याच आठवड्यात भेटलो.