नवीन जादू पहिल्यांदा लोकांसमोर कशी करावी आणि त्यांचं खरं मत कसं कळेल?

तुम्ही लिहिलंय की सहा महिने आरशासमोर नाण्यांचे प्रयोग बसवलेत, घरचे सगळे छान छान म्हणतात, आणि पुढच्या महिन्यात सोसायटीच्या कार्यक्रमात करायचेत तर त्याआधी खरं मत मिळवायचं कसं. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाचं काम करतो आणि अकरा वर्षं वाढदिवस, गणपती मंडळं, शाळेची गॅदरिंग असे जादूचे कार्यक्रम करतोय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

"कसं वाटलं?" हे कुणालाच विचारू नका. कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर आमटी खारट झाली असली तरी आपण छान झालीय म्हणतो ना, तसंच उत्तर मिळतं. त्याऐवजी "मी काय काय केलं ते सांगा बरं" असं विचारा, आणि स्वतः न विचारता तासाभराने मित्राला विचारायला लावलं तर अजून चांगलं, कारण तुमच्या तोंडावर माणूस सांभाळूनच बोलतो. आता बघणाऱ्याचे शब्द नीट ऐका. "त्याने नाणं डाव्या हातात घेतलं, मूठ उघडली तर नाणंच नाही" असं म्हणाला तर प्रयोग जमला. पण "डाव्या हातात घेतल्यासारखं केलं" असं म्हणाला तर नाही जमला, मग टाळ्या कितीही पडलेल्या असू देत. त्या "घेतल्यासारखं"मधे तुमचा सगळा रिपोर्ट आला. मी तर वहीत मतं लिहीतच नाही, लोकांनी सांगितलेली हकीकत जशीच्या तशी लिहितो.

मला हे शिकवलं आमच्या चेकिंगच्या मावशींनी. त्या दिवसभर टॉवेल उजेडाकडे धरून सुटलेला धागा शोधतात, वीस वर्षं हेच काम. जेवणाच्या सुट्टीत मी नाणं गायब करून दाखवलं, पॅकिंगची पोरं एकदम खूश, "परत दाखव की" वगैरे, आणि मावशी भाकरी मोडत शांतपणे म्हणाल्या, "ह्या हाताला काय झालंय रे, आखडून का धरलास?" नाणं त्याच हातात होतं. त्यांना ट्रिक कळली नव्हती, नाणं कुठं गेलं तेही कळलं नव्हतं, फक्त एक हात जिवंत नाही एवढं दिसलं. आरशात हे मला चार महिने दिसलं नव्हतं कारण आरशात आपणही डाव्या मुठीकडेच बघत असतो. त्या दिवसापासून मी नाणं लपवलेल्या हाताने काहीतरी करतो, पेन उचलतो, बाही वर करतो, आणि मग मूठ उघडायच्या आधी एक श्वास थांबतो. परत दाखवल्यावर मावशी म्हणाल्या, "आता बरोबर." अशी नजर असलेला माणूस शोधा, शिंपी, सोनार, भाजी निवडणारी आजी, ज्यांचं कामच हात आणि डोळ्यांचं आहे.

जादूगार एकाच माणसाला एकच ट्रिक दोनदा दाखवत नाहीत, आणि कार्यक्रमात तो नियम पाळाच. पण तपासताना एखाद्या जाणकार मित्राला मुद्दाम परत परत दाखवा. हुडिनी हा जगप्रसिद्ध जादूगार म्हणायचा की कुठलीही ट्रिक तीनदा बघितली की मी ओळखतो, आणि १९२२ मधे शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या जादूगाराने त्याला पत्त्यांची एकच ट्रिक पुन्हा पुन्हा दाखवली तरी त्याला सापडली नाही. आपली तेवढी टिकणार नाही, पण कितव्या वेळेला फुटते आणि कुठे फुटते हे कळतं.

नाण्यांचं एक सांगतो. परदेशी व्हिडिओत ते अर्धा डॉलर वापरतात, तो ३०.६ मिमीचा, आपलं १० रुपयांचं नाणं २७ मिमीचं, त्यामुळे तळहातात धरायला नीट बसत नाही आणि आपल्याला वाटतं आपलाच हात वाईट. घरात लक्ष्मीपूजनाचा जुना चांदीचा बंदा रुपया असेल तर आजीकडून मागून घ्या, तो जवळपास अर्ध्या डॉलरएवढाच भरतो. मी त्याच्यावरच शिकलो आणि मग १० रुपयांवर आलो, कारण लोकांना खिशातलंच नाणं बघायला आवडतं. आणि सराव उन्हाळ्यातपण करा, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, घामाने नाणं चिकटून बसतं आणि सुटायला पाहिजे तेव्हा सुटत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमात नवीन ट्रिक सुरुवातीला नको आणि शेवटी तर नकोच. दोन मुरलेल्या ट्रिकच्या मधे घाला, म्हणजे पडली तरी पुढची सावरून घेते. मी एका मंडळात हे पाळलं नाही, नवीनच ट्रिकने सुरुवात केली, आणि स्टेजच्या दोन्ही बाजूला पोरं चढून बसलेली, एक पोरगा मागून ओरडला "काका, मागं काय धरलालाव?" त्यानंतर पंधरा मिनिटं कुणी हाताकडे सोडून कुठेच बघितलं नाही. आता मी आधी जाऊन बघतो लोक कुठून कुठून बघणार आहेत आणि बाजूने दिसणाऱ्या ट्रिक तिथे काढूनच टाकतो. मोबाईलवर शूटिंग करायचं असेल तर कॅमेरा तुमच्या हातांवर लावू नका, पहिल्या दोन रांगांतल्या चेहऱ्यांवर लावा, मूठ उघडायच्या क्षणी डोळे कुठे आहेत ते बघा.

आणि भाषा. सोलापुरात पूर्व भागात गेलं की समोर बसलेल्या आज्यांना तेलुगू जवळची, दुसऱ्या पेठेत कन्नड. माझ्या एका ट्रिकमधे लांबलचक गोष्ट होती, मराठी मंडळात ती हमखास चालायची, तिकडे निम्मे लोक गोष्टीतच हरवले. मी गोष्ट काढून फक्त नाणं आणि एक स्टीलची वाटी ठेवली, नाणं वाटीत पडल्याचा टण्ण आवाज झाला की सगळ्यांना कळतं. आता मी प्रत्येक नवीन ट्रिक एकदा तोंड बंद ठेवून करून बघतो.

तुमच्याकडे महिना आहे तर रोज एका नवीन माणसाला दाखवा, चहाच्या टपरीवर, इस्त्रीवाल्याला, लिफ्टमधे भेटणाऱ्या शेजाऱ्यांना, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. सलग दहा जणांच्या सांगण्यात "घेतल्यासारखं" आलं नाही तर कार्यक्रमात घाला, आलं तर यावेळी जुनीच करा.