ग्लूटेन-फ्री खाणाऱ्यांनी फिरायला जायचं कसं? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मे महिना जवळ आला की या सदराकडे प्रवासाचे प्रश्न वाढतात, आणि यावेळी त्यातले बरेचसे सिलिअ‍ॅकवाल्या घरांतून आलेत. सिलिअ‍ॅक म्हणजे गहू, जव यांतल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा करणारा आजार. आमच्याही घरात सिलिअ‍ॅक आहे त्यामुळे ही काळजी मला आतून कळते. सगळी पत्रं छापता येत नाहीत, पण सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय.

प्रश्न: ताई, माझ्या ९ वर्षांच्या मुलाला गेल्या दिवाळीनंतर सिलिअ‍ॅक निघाला. घरी आता बसलंय सगळं, पण सुट्टीत मालवण आणि गोवा करायचं ठरतंय आणि मला आत्तापासून झोप नाही. हॉटेलात विचारलं की सगळे म्हणतात हो हो ग्लूटेन-फ्री आहे, पण त्यांना ते काय असतं ते माहीत असतं का हेच कळत नाही. जावं की नाही? — एक आई, नाशिक

जा, नक्की जा, आणि खरं सांगायचं तर अशा मुलाला घेऊन पहिल्यांदा कुठे जायचं असेल तर कोकणाइतकी सोयीची जागा नाही, कारण तिथलं रोजचं जेवणच तांदळाचं आहे. घावन, तांदळाची भाकरी, आंबोळी, भात, माशाची आमटी, सोलकढी, उकडीचे मोदक. यातलं काहीच मुलासाठी वेगळं म्हणून करावं लागत नाही, सगळ्यांच्या ताटातलंच त्याच्या ताटात येतं, आणि ९ वर्षांच्या पोराला त्याचं किती बरं वाटतं ते तुम्हाला माहीतच आहे.

पण तुम्ही म्हणता तेही अगदी बरोबर आहे. "ग्लूटेन-फ्री आहे का" या प्रश्नाला उत्तर "हो"च येतं, कारण गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं. म्हणून हा प्रश्न विचारूच नका. पदार्थाचं नाव घेऊन विचारा. यात पीठ कोणतं? कशात तळलं? तवा कोणता? हिंग घातलाय का? याची उत्तरं स्वयंपाक करणाऱ्या माणसाला येतात आणि तो खरी देतो, फक्त विचारायचं वेटरला नाही, आत जाऊन किंवा मालकीणबाईंना.

आता कुठे फसतं ते सांगते. सुरमई, बांगडा तळताना बाहेरून रवा लावतात, म्हणजे सरळ गहू. तांदळाच्या पिठात घोळवून द्या म्हटलं तर बहुतेक जण देतात पण तेल आणि तवा तोच असतो, मघाच्या रव्याचे कण त्यातच तरंगत असतात. त्यामुळे वेगळ्या छोट्या तव्यात थोडं नवं तेल घालून तळून देणार असतील तर घ्या, नाहीतर त्या दिवशी माशाची आमटी-भात. कोंबडी वड्यांचं नाव ऐकून मुलगा हट्ट करेल, पण वड्यांच्या पिठात तांदूळ आणि उडदाबरोबर गहूही बऱ्याच ठिकाणी असतो, ते विचारल्याशिवाय नको. घावनाचा तवा पोळीचा असेल तर आधी घासून घ्यायला सांगा. मालवणी मसाल्यातही काही घरी हिंग असतो.

हिंगाचं एवढं का सांगतेय, तर बाजारात जी हिंगाची डबी मिळते त्यात नुसता हिंग नसतो, तो पिठात बांधलेला असतो आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघा वाचून. म्हणजे साधं वरण, आमटी, पोह्याची फोडणी, ताकसुद्धा, जे आपल्याला डोळे झाकून चालेल असं वाटतं तिथेच तो बसलेला असतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, त्याची डबी बॅगेत टाका आणि घरगुती खानावळीत सरळ हातात द्या.

राहायला मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती ठिकाण बघा, जिथे काकू स्वतः रांधतात. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करा, आयत्या वेळी नको. सोबत तांदळाच्या पिठाचं पाकीट, एक छोटा तवा आणि उलथनं न्या. भाकरी थापताना वरून गव्हाचं पीठ भुरभुरायची सवय काही जणींना असते, ते आधीच बोलून घ्या. लाकडी पोळपाटाच्या बारीक भेगांत जुनी कणीक बसलेली असते, कितीही धुतला तरी ती निघत नाही, म्हणून त्यावर केळीचं पान नाहीतर स्वच्छ प्लास्टिक अंथरून भाकरी थापायला सांगा. हे सांगताना संकोच करू नका, मुलाच्या आजाराचं आहे म्हटलं की कोकणातल्या बायका स्वतःहून चार गोष्टी जास्त विचारतात.

गोव्यात शॅकमध्ये फ्रेंच फ्राइज टाळा, त्याच कढईत रवा लावलेले कटलेट तळतात. पोई म्हणजे गोव्याचा पाव, ती गव्हाचीच. बेबिंकामध्ये मैदा असतो, पण दोदोल तांदळाचं पीठ, नारळ आणि गुळाचं, ते विचारून घेता येईल. सान्नं तांदळाची असतात, करीबरोबर मस्त लागतात. घाटात जेवायला थांबलात तर ज्वारीची भाकरी बघून लगेच निर्धास्त होऊ नका, गिरणीत ज्वारीच्या आधी गहू दळलेला असतो आणि थापायला सोपी जावी म्हणून काही ठिकाणी त्यात कणीकही मिसळतात. घरची धुऊन वेगळी दळलेली ज्वारी वेगळी आणि ही वेगळी. वाटेत साधा पांढरा भात, दही, उकडलेली अंडी, केळी, एवढ्यावर एक वेळ निघते.

प्रश्न: मला ४ वर्षांपासून सिलिअ‍ॅक आहे. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलाचं लग्न आहे, ३ दिवस तिकडेच राहायचंय. सासरची मंडळी म्हणतात एवढं काय, थोडंसं खाल्लं तर काही होत नाही. मला वाद नको आहे पण आजारीही पडायचं नाहीये. — सांगली

पहिलं म्हणजे थोडंसं चालत नाही, हे तुम्ही मनात पक्कं धरा म्हणजे बोलताना आवाज डळमळणार नाही. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेन गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषून घेणारं आतलं मऊ अस्तर झिजतं. त्या दिवशी पोट दुखलं नाही म्हणजे आत काही झालं नाही असं नसतं. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचीही तीच. त्या हिशोबात पोळीचा एक घास म्हणजे किती, विचार करा. सासूबाईंना आकडे सांगायची गरज नाही, डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय एवढंच सांगा आणि ते तुमच्या मिस्टरांना बोलू द्या, हे काम त्यांचं आहे.

जेवणाचं म्हणाल तर आचाऱ्याला लग्नाच्या आधी एकदा फोन करा, नणंदबाईंकडून नंबर घ्या. त्यांना एवढंच सांगायचं की मसालेभाताला फोडणी पडायच्या आधी मला एका डब्यात साधा भात काढून ठेवा, आणि हिंग न घालता वाटीभर वरण. तूप, साधं दही, श्रीखंड किंवा बासुंदी असेल तर ती (घट्ट करायला काही घातलंय का हे मात्र विचारा), फोडणी न दिलेली काकडी. एवढ्यात छान जेवण होतं हो. जिलबी, भजी, अळूवडी लांबच ठेवा. पंगत असेल तर बरंच, बुफे असेल तर सगळ्यात आधी वाढून घ्या कारण अर्ध्या तासात पुरीचा चमचा भाजीत आणि भाजीचा भातात फिरायला लागतो.

सत्यनारायण असेल तर प्रसादाचा शिरा रव्याचा. तो हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि शेजारी बसलेल्या लेकराला द्यायचा, नंतर हात धुवायचा. पूजेतलं केळं आपल्याला चालतं, तोही प्रसादच आहे. कोणी टोकलं तर मनाला लावून घेऊ नका, तुम्ही देवाचा अपमान करत नाही आहात.

प्रश्न: मी पुण्याहून दिल्लीला रेल्वेने इंटरव्ह्यूसाठी जाणारे, एकटाच. डबा किती दिवस टिकणार? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी

पहिल्या दिवसाचा डबा घरचा ने आणि पुढचं कोरडं. दडपे पोहे (फोडणीत हिंग नको), उकडलेले बटाटे, राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू, लाह्या, फुटाणे, फळं. थर्मासमध्ये गरम पाणी घे आणि भाजलेल्या नाचणीचं पीठ घरून ने, ती नाचणी घरीच धुऊन दळलेली हवी. गाडीतलं जेवण घेऊच नको, तिथे विचारायलाच कोणी नसतं. सूपही नको.

आणि एक युक्ती सांगते जी महाराष्ट्रात फार उपयोगी पडते. कुठेही अडलास तर "उपवासाचं काही मिळेल का" असं विचार. साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, यात गहू तर नसतोच पण आपल्या पद्धतीत उपवासाला हिंगही घालत नाहीत, आणि उपवासाचं सांभाळून करायचं हे प्रत्येक आचाऱ्याला न सांगता कळतं. फक्त साबुदाणा वडा तळणीचा, तेल वेगळं नसेल तर सोड. दिल्लीत हे तितकंसं चालणार नाही, तिकडे नवरात्र सोडून असं सहज मिळत नाही. तिथे राजमा-चावल धर, फोडणीचं विचारून. मक्याची रोटी मक्याचीच असेल असं धरू नकोस, वळायला सोपी जावी म्हणून त्यात कणीक घालतात. इडली खाताना ती तांदळाची आहे ना ते बघ, रव्याची इडलीही तशीच पांढरी दिसते. सांबाराला नाही म्हण, हिंग असतोच. डोसा दिसायला निरुपद्रवी आहे, पण तव्यावर आधीचा रवा डोसा झालेला असतो.

इंटरव्ह्यूच्या सकाळी बाहेरचं काही नवं खाऊ नकोस, स्वतःजवळचंच खा. ऑल द बेस्ट!

प्रश्न: आम्ही दोघं शाकाहारी, बायकोला सिलिअ‍ॅक. इटलीला जायचं खूप मनात आहे पण पास्ता-पिझ्झाच्या देशात ती खाणार काय? — ठाणे

अहो उलट आहे! इटलीत सिलिअ‍ॅकची जाणीव आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांची सिलिअ‍ॅक संघटना १९७९ पासून काम करतेय, तिने तयारी करून घेतलेल्या हॉटेलांची, पिझ्झेरियांची यादी असते, आणि २००५ साली तिथे सिलिअ‍ॅकसाठी वेगळा कायदाच झाला. तिथल्या रुग्णांना ग्लूटेन-फ्री खाण्यासाठी सरकारकडून दरमहा रक्कमही मिळते. औषधाच्या दुकानात ग्लूटेन-फ्री पास्ता, बिस्किटं मिळतात. शिवाय युरोपियन युनियनच्या नियमानुसार हॉटेलांना पदार्थातलं ग्लूटेन सांगावंच लागतं, तेव्हा विचारायला लाजायचं कारण नाही. "सोनो चेलिआका" म्हणजे मला सिलिअ‍ॅक आहे, आणि "सेंत्सा ग्लूतिने" म्हणजे ग्लूटेनशिवाय, एवढे दोन शब्दसमूह तिला पाठ करायला सांगा. तरीही पास्ता वेगळ्या पाण्यात उकळता का आणि पिझ्झाची भट्टी वेगळी आहे का हे विचारायचंच, कारण पिझ्झेरियात मैदा हवेत उडत असतो. रिसोत्तो तांदळाचा, पोलेंता मक्याचा, हे दोन्ही तिला आवडतील, फक्त रिसोत्तोचा स्टॉक भाज्यांचा आहे ना आणि तयार क्यूब घातलाय का ते विचारा.

विमानाचं मात्र नीट ऐका. तिकीट काढल्यावर जीएफएमएल या कोडचं, म्हणजे ग्लूटेन-फ्री, जेवण निवडता येतं, पण ते शाकाहारी असेलच असं नाही, त्यात चिकन किंवा मासे असू शकतात, आणि एका प्रवाशाला साधारण एकच स्पेशल जेवण मिळतं. म्हणून एअरलाइनला फोन करून विचारा, वेळेत विचारा, आणि तरीही पोट भरेल इतकं स्वतःचं जवळ ठेवा. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, तुपातले लाडू, श्रीखंडाच्या वड्या बॅगेत नकोत. तेलातला चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, खाकरे न्या, खाकरे अर्थात तिला चालणारे. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र जवळ असू द्या.

प्रश्न: मिस्टर ऑफिसच्या कामाने टोकियोला चाललेत, त्यांना सिलिअ‍ॅक आहे. भातच खातात ना तिकडे? — डोंबिवली

भात खातात, पण बहुतेक सगळ्यावर सोया सॉस असतो आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. सुशीबरोबर, ग्रिल केलेल्या माशावर, सूपात, सगळीकडे. थंडगार चहा म्हणून समोर येतो तोही बऱ्याचदा जवाचा असतो, आणि सोबा नूडल्समध्ये बकव्हीटबरोबर (म्हणजे कुट्टू) गहू मिसळलेला असतो. जपानी अक्षरात छापलेलं कार्ड करून न्यायला सांगा, त्यावर गहू, जव, सोया सॉस ही नावं स्पष्ट हवीत. गहू नसलेल्या तामारी सोया सॉसच्या छोट्या पुड्या सोबत द्या, आणि राहायची जागा इलेक्ट्रिक कुकर असलेली बघा.

प्रश्न: पोळी बंद केली की मला पोटाला बरं वाटतं, टेस्ट काही केलेली नाही. कॉलेजच्या ट्रिपला सगळ्यांना सिलिअ‍ॅक आहे म्हणून सांगू का? — एक वाचक, कोल्हापूर

बाळा, आधी टेस्ट कर. आणि टेस्टच्या आधी गहू बंद करू नकोस, तू खाणं थांबवलंस तर रक्तातला टीटीजी (सिलिअ‍ॅक ओळखायची रक्ततपासणी) नॉर्मल येऊ शकतो आणि मग खरं काय आहे ते कळतच नाही. बंद करून बरेच दिवस झाले असतील तर तेही डॉक्टरांना सांग, किती आणि किती दिवस परत खायचं ते तेच ठरवतील, स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस. रक्ताची तपासणी, गरज लागली तर एंडोस्कोपी, यासाठी पोटविकारतज्ज्ञांना भेट. पोट बिघडायची दुसरी कारणंही असतात, आणि खरंच सिलिअ‍ॅक असेल तर पथ्य आयुष्यभराचं आहे, हाडं आणि रक्त तपासत राहावं लागतं, घरातल्या भावंडांचीही तपासणी करतात. ट्रिपला वेळ असेल तर याच आठवड्यात अपॉइंटमेंट घे. रिपोर्ट येईपर्यंत सरांना एवढंच सांग की तपासणी चालू आहे.