पश्चिमेच्या खिडकीला स्मार्ट फिल्म लावण्याआधी तिचा काठ बघा

तुमचा प्रश्न असा आहे: गुहागरजवळ समुद्रापासून दीडशे मीटरवर घर, हॉलला पश्चिमेकडे 4 बाय 4 फुटांच्या तीन अॅल्युमिनियम स्लायडिंग खिडक्या, दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही. काचवाला म्हणतोय की बटणावर बदलणारी स्मार्ट फिल्म लावा, उकाडा जाईल. याच भरवशावर माझे पैसे गेलेत, म्हणून सविस्तर लिहितो. मी इलेक्ट्रिशियन नाही. वायरिंगचं शेवटचं मत परवानाधारक माणसाचंच घ्या.

काचवाला देतोय ती बहुतेक पीडीएलसी फिल्म असणार, म्हणजे प्लास्टिकमध्ये द्रवस्फटिकांचे थेंब अडकवलेली. वीज दिली की पारदर्शक, वीज काढली की दुधाळ. ती आडोशासाठी आहे, उन्हासाठी नाही. दुधाळ अवस्थेतसुद्धा ती प्रकाश अडवत नाही, विखुरते, आणि विखुरलेला बहुतेक प्रकाश पुढे, म्हणजे खोलीतच येतो. माहितीपत्रकावर '99 टक्के यूव्ही अडते' असं ठळक छापतात. ते खरंही असतं, पण उन्हाच्या एकूण ऊर्जेत यूव्हीचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. त्याने पडद्याचा रंग टिकेल, खोली थंड होणार नाही.

तुमच्याच खिडक्यांचा हिशेब करा. तीन मिळून 48 चौरस फूट, म्हणजे साधारण साडेचार चौरस मीटर. एप्रिलमध्ये चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला 600-700 वॅट ऊन पडतं. साध्या 5 मिलिमीटर काचेतून त्यातलं 80 टक्क्यांच्या आसपास आत येतं. म्हणजे हॉलमध्ये दोन-सव्वादोन किलोवॅटचा हीटर लावल्यासारखं झालं. एक टनाचा एसी 3.5 किलोवॅट उष्णता काढतो, त्यातला निम्म्याहून जास्त जोर नुसत्या खिडक्या खातात. दुधाळ फिल्म यातलं फार थोडं कमी करते.

समुद्र दिसावा म्हणून घेत असाल तर आणखी एक. पारदर्शक अवस्थेतही तिच्यात थोडी धूसरता राहते, तिरकं बघितलं की जास्त. आणि मावळतीचं ऊन थेट काचेवर आलं की पूर्ण काच पांढुरकी उजळते. नेमक्या त्याच वेळी तुम्हाला बाहेर बघायचं असतं.

आता सगळ्यात महाग पडलेली चूक: काठ. फिल्म म्हणजे प्लास्टिकचे दोन पापुद्रे, प्रत्येकाच्या आतून वीजवाहक थर, मध्ये द्रवस्फटिकांचे सूक्ष्म थेंब. एका काठाला पापुद्रा सोलून तांब्याची पट्टी चिकटवतात, तिथून वीज जाते. हा काठ उघडा असतो, आणि आपल्याकडे खारा वारा आहे. मीठ 75 टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. कोकणात ती आर्द्रता पूर्ण पावसाळाभर आणि एरवी बऱ्याच रात्री असतेच. त्यामुळे चौकटीत साचलेलं मीठ वाळतच नाही, तांब्याच्या पट्टीला कायम ओल मिळते.

त्यात माझ्याकडे फिटरने काठ ज्या सिलिकॉनने बंद केला ते आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं होतं. ते सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं आणि तांबं खातं. आधी पट्टीवर हिरवट डाग दिसतो, मग बटण दाबल्यावर त्या काठाशी दोन बोटं पट्टा दुधाळच राहतो, आणि तो पट्टा दर पावसाळ्यात आत सरकतो. एकदा सुरू झालं की दुरुस्ती नाही. फिल्म सोलली की ती मेली. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं हवं, त्यातही नळीवर अल्कॉक्सी लिहिलेलं, कारण ऑक्झीम प्रकारही तांब्याला पूर्ण निर्धोक नाही. नळी उघडून वास घ्या, आंबूस आला तर लावू देऊ नका.

वॉरंटीवर विसंबू नका. माझ्या विक्रेत्याच्या कार्यालयाने आधी फोटो मागवले, मग फिल्म काढून पाठवा म्हणाले, आणि शेवटी बारीक अक्षरांतली दोन कलमं दाखवली: 'किनारपट्टीचे वातावरण' आणि 'काठावरील दोष' वॉरंटीबाहेर. किनाऱ्यावर जे बिघडतं ते काठावरच बिघडतं, मग उरलं काय? पैसे देण्याआधी ही दोन कलमं लेखी खोडून घ्या. खोडत नसतील तर उत्तर तिथेच मिळालं.

तरी बसवायचीच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत बसवा, मिरगानंतर अजिबात नाही. काच आधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ घालवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फिल्म चौकटीपासून 2-3 मिलिमीटर आत संपली पाहिजे, गॅस्केटखाली (काचेभोवतीच्या रबरी पट्टीखाली) दाबली जाता कामा नये. पट्टीची बाजू वर ठेवा, खाली पाणी साचतं. जागेवर बोथट पात्याने कापली तर काठाशी दोन्ही वाहक थर एकमेकांना टेकून ठिणगी उडते, म्हणून मापाची फिल्म कारखान्यातूनच मागवा. सरकत्या शटरवर तार सोल्डरपाशी तुटते, तेव्हा फिल्मचं शटर कायमचं बंद करावं लागेल, म्हणजे तेवढा वारा गेला. आणि फिटरवर लक्ष ठेवा, खालच्या ट्रॅकची पाणी जायची भोकं सिलिकॉनने बुजवतात. मग पहिल्याच झडीत पाणी हॉलमध्ये.

विजेचा खर्च नगण्य आहे. चौरस मीटरला 5 वॅट धरले तर तिन्ही मिळून 22-23 वॅट. प्रश्न सुरक्षेचा आहे. फिल्मला 48 ते 65 व्होल्ट एसी लागतो, आणि ओल्या, खारवलेल्या धातूच्या चौकटीजवळ तो निरुपद्रवी नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच हवा, म्हणजे फिल्मची वीज घरच्या लाइनपासून पूर्ण वेगळी ठेवणारा. घरातली आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची गळती पकडत नाही, म्हणून सांधे उघडे ठेवू नका. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसेल तर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा होतात, तेव्हा सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून संरक्षण) आणि नीट अर्थिंग लागतंच. वीज गेली की काच पांढरी होणार. निसर्ग वादळानंतर 2020 मध्ये दापोली-मंडणगडकडे किती दिवस अंधार होता ते आठवा.

खरोखर गडद होऊन ऊन अडवणारी काच वेगळी: इलेक्ट्रोक्रोमिक. ती काही व्होल्ट डीसीवर चालते, गडद व्हायला मोठ्या काचेला दहा-वीस मिनिटं लागू शकतात. ऊन शोषून ती स्वतः तापते, म्हणून दुहेरी काचेत बाहेरच्या बाजूला बसवतात. 6-12-6 ची (6 मिलिमीटर काच, 12 ची पोकळी, 6 ची काच) दुहेरी काच चौरस मीटरला 30 किलो, म्हणजे तुमच्या एका खिडकीला 45 किलो. सध्याचा स्लायडिंग ट्रॅक ते पेलणार नाही, चौकटीसकट सगळं बदलावं लागेल. कापून मिळत नाही, फुटली तर तालुक्यात दुरुस्ती नाही. घरासाठी माझं उत्तर ठाम 'नको' असं आहे.

ऊन काचेच्या बाहेरच अडवा. मावळतीचं ऊन आडवं येतं, त्यामुळे छज्जा कितीही वाढवला तरी उपयोग थोडाच. बाहेरून बांबूची चिक, किंवा 75 टक्क्यांचं शेडनेट चौकटीवर ताणून, काचेपासून वीतभर लांब. मे अखेरीला उतरवून ठेवा. जागा असेल तर पश्चिमेला उंडी किंवा करंज लावा, दोन्ही खारा वारा सोसतात. माडाची सावली खिडकीला पुरत नाही. उरलेल्यासाठी काचेवर साधी सिरॅमिक सोलर फिल्म. धातूचा मुलामा असलेली नको, तिचाही काठ मिठाने जातो. घेताना गडदपणा बघू नका, टीएसईआरचा आकडा विचारा, म्हणजे उन्हाची एकूण किती टक्के ऊर्जा फिल्म परतवते तो. 50 च्या वर हवा.

पीडीएलसीला जागा आहे, पण घराच्या आत. होमस्टेच्या खोलीत, पॅसेजकडच्या काचेच्या पार्टिशनला ती छान चालते. तिथे ऊन नाही, मीठही कमी. रात्री आत दिवा असताना काचेजवळ उभ्या माणसाची सावली मात्र दिसते, तेवढं धरून चाला.

काचेची जाडी आणि खिडकीबाहेर चिक टांगायला भिंतीचा किती भाग मोकळा आहे ते कळवा, म्हणजे चिकेचं माप आणि हुक कुठे मारायचे ते सांगतो.