नुसते ड्रायव्हर

पोरा, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. ‘सर, तेराव्याला वाचायला चार ओळी हव्यात. चुलतभाऊ म्हणतो, कारगिल योद्धा असं लिही. पण बाबा तर नुसते ड्रायव्हर होते. काय लिहू?’

भेटून मी गेलोच आहे, म्हणून सांत्वनाचं पुन्हा काही लिहीत नाही. पण त्या ‘नुसते’ने माझी झोप घालवली. तुझं उत्तर एवढंच आहे: होते तसे लिही. वाढवू नकोस आणि कमीही करू नकोस. तुझा चुलतभाऊ वाढवतोय आणि तू कमी करतोयस. दोघांनाही तो माणूस जसा होता तसा पुरेसा वाटत नाही, म्हणून मला तुम्हा दोघांचाही सारखाच राग आला.

आधी तिरंग्याचं. अंत्ययात्रेत काकांनी तिरंगा घालायचा हट्ट धरला, तू नको म्हणालास आणि चार लोक तुला बोलले, हे कानावर आलं. तू बरोबर केलंस. 2002 च्या ध्वजसंहितेत स्पष्ट आहे, शासकीय किंवा लष्करी, निमलष्करी इतमामातली अंत्ययात्रा सोडली तर पार्थिवावर राष्ट्रध्वज घालता येत नाही. चोवीस वर्षं सगळं नियमाने करणाऱ्या माणसाला नियम मोडून निरोप द्यायचा, हे तुझ्या बाबांनाच पटलं नसतं. ते मनाला लावून घेऊ नकोस.

आता त्यांच्या पदकांच्या त्या रिबिनी. तू मोबाईलवर एकेक शोधून काढलीस आणि त्यात शौर्याची एकही नाही म्हणून खट्टू झालास. पण त्या काय सांगतात ते तरी वाच. सैन्य सेवा मेडल. उंच पहाडात नोकरी केल्याचं हाय अल्टिट्यूड मेडल. नऊ वर्षांच्या आणि वीस वर्षांच्या सेवेचं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालेलं. आणि ऑपरेशन विजयचं, म्हणजे कारगिलच्या लढाईचं. हा माणूस 1983 ते 2007 जिथे पाठवलं तिथे गेला आणि परत येईपर्यंत तिथे राहिला, असं त्यांत लिहिलंय. याहून मोठं काही लिहायची तुला गरज का वाटावी?

एएससीचा, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरचा, ट्रक ड्रायव्हर म्हणजे काय, हे तुला घरात कुणी सांगितलं नसेल. श्रीनगर ते लेह हा रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा आहे. वाटेतली जोझिला खिंड साडेअकरा हजार फुटांवर. बर्फ पडून खिंड बंद व्हायच्या आत लडाखमधल्या फौजेचं हिवाळ्याचं पीठ, डाळ, रॉकेल, दारूगोळा सगळं वर पोचवावं लागायचं. 1999 च्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर द्रासजवळ वरून गोळे पडत होते, कारण तोलोलिंग शिखरावर बसलेल्या शत्रूला खालची गाडीन् गाडी दिसत होती. 13 जूनला तोलोलिंग परत घेतलं, तोवर तिथून कॉनव्हॉय, म्हणजे ट्रकांचे ताफे, रात्री जायचे, हेडलाइट बंद ठेवून. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने सुमारे 2,50,000 गोळे आणि रॉकेटं डागली असं सांगतात. बोफोर्स तोफेचा एक गोळा चाळीस किलोच्या वर भरतो. ते सगळं पहाडात आपोआप उगवलं नव्हतं. कुणीतरी स्टिअरिंग धरून वर नेलं.

तुझे बाबा बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असायचे तेव्हा एकदा पेन्शनच्या रांगेत मी त्यांना विचारलं होतं, अंधारात, दिवे बंद, एका बाजूला दरी, गाडी चालवायची कशी? ते म्हणाले, “सर, पुढच्या गाडीच्या मागच्या धुऱ्यावर पांढरा गोल रंगवलेला असतो. त्याच्यावर एक बारीक दिवा. तेवढाच बघायचा. गोल दिसला की चालायचं, गोल थांबला की थांबायचं. दरीकडं बघायचंच नाही.” मग टोकन नंबर पुकारला आणि ते दाराकडे वळले. बारा वर्षांत माझ्याशी ते सैन्यातलं एवढंच बोलले. हे लिही. त्यांच्याच शब्दांत लिही. ‘शत्रूच्या तोफांची तमा न बाळगता’ वगैरे त्यात घुसडू नकोस.

तू म्हणशील, सरांना एवढं का लागलं? लागलंय, कारण मी हेच पाप करून बसलोय.

माझे वडील पहिल्या मराठात होते, जंगी पलटणीत. 1971 च्या डिसेंबरात ही पलटण आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होती. वडील लंगरात होते. स्वयंपाकी. शाळेत मुलं विचारायची तेव्हा मी ‘मिलिटरीत आहेत’ म्हणून पुढे सरकायचो. 1994 च्या मार्चमध्ये ते गेले आणि मी पेपरला श्रद्धांजली दिली, ‘1971 च्या युद्धात शत्रूशी प्राणपणाने झुंज देणारे’. गावाला आवडली. मलाही आवडली.

पंधरा-वीस दिवसांनी माण तालुक्यातून एक म्हातारा एसटीने आला. खिशात ते कात्रण, चार घड्या घातलेलं. ओसरीवर बसला, कात्रण उलगडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “मास्तर, हा कोण? ह्याला मी वळखत न्हाय. मी तुझ्या बापाला वळखतो.” मग सांगू लागला. ब्रह्मपुत्रा ओलांडली त्या रात्री माझ्या बापाने पिठाचं पोतं भिजू दिलं नव्हतं. डोक्यावर धरून नेलं. थंडीने दात वाजत होते, पण पोतं खाली ठेवलं नाही. सकाळी पोरांना गरम काय घालू, एवढंच त्याच्या तोंडात होतं. “आन् पलीकडं गेल्यावर...” म्हणून तो पुढे सांगायला लागला.

माझ्यापुढे दहावीच्या पेपरांचा गठ्ठा होता. दोन दिवसांत तपासून द्यायचे होते, कुणा ना कुणा पोराचं वर्ष त्यात अडकलेलं. मी म्हणालो, बाबा, सुट्टी लागली की मीच येतो तुमच्याकडे, मग निवांत बसू. तो चहा घेऊन परत गेला. त्याच पावसाळ्यात वारला.

मुदत खरीच होती. कुणीही मास्तर तेच म्हणाला असता. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि आज तुलाही सांगतोय. पलीकडे गेल्यावर काय झालं ते मला माहीत नाही, आता माहीत होणारही नाही. बायकोला वाटतं मी या गोष्टीचं फार करतो. असेल. पण माझ्या बापाबद्दल छापलेली एकच गोष्ट जगात आहे, ती मी लिहिली आणि तिच्यात माझा बाप नाही.

म्हणून म्हणतो, होते तसे लिही.

आणि फक्त फौजेतलं लिहू नकोस. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक सुट्टी आणि तीस दिवसांची किरकोळ. पूर्ण मिळाली असं धरलं तरी चोवीस वर्षांत ते घरी सहा वर्षंसुद्धा भरत नाहीत. तुझी आजी गेली तेव्हा ते लेहला होते. खिंड बंद, विमानात नंबर लागेना, दहाव्याला पोचले. दारात ट्रंक ठेवून ते थेट गोठ्यात जाऊन बसले होते, मी पाहिलंय. मग त्रेचाळिसाव्या वर्षी कायमचे घरी आले आणि त्यांना कळेना की या घरात आपली जागा कुठे. तुझ्या चपला ओळीत नसल्या की ओरडायचे. बारावीत तुझ्या थोबाडीत मारली, तू तीन महिने बोलला नाहीस, हे तूच मला सांगितलं होतंस. तेही लिही. एका वाक्यात का होईना, पण लिही. त्यांची चूकच होती, त्यावर आता पांघरूण घालू नकोस. रोज सकाळी ते तुझ्या स्कूटरला चक्कर मारायचे, टायर दाबून बघायचे, खाली वाकून ऑइल गळतंय का पाहायचे आणि तू चिडायचास. त्याला ते फर्स्ट परेड म्हणायचे. गाडी बाहेर काढायच्या आधी करायची तपासणी. लेहमध्ये बर्फात आडवे होऊन जे केलं तेच ते तुझ्यासाठी अंगणात करत होते. तुला कॉलेजला उशीर होत होता, ठीक आहे. तू एकोणीस वर्षांचा होतास.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परत आले नाहीत. त्यांच्यासाठी इंग्रजांनी दगड लावला. असे दगड बऱ्याच गावांत आहेत, गावातून किती गेले आणि किती मेले एवढंच त्यांच्यावर कोरलेलं. आकडे खरे आहेत, पण त्यातला कोण कसा हसायचा, कोण कुणाला मारायचा, कुणाला गुळाचा चहा लागायचा, काही म्हणजे काही उरलं नाही. ते दगड लावणारे परके होते. तू घरचा आहेस.

तेव्हा फ्लेक्सवर वाघ नको, विमान नको, ‘योद्धा’ नको. हवालदार, एमटी ड्रायव्हर, आर्मी सर्व्हिस कोअर असं स्वच्छ लिही. चुलतभाऊ ऐकत नसेल तर त्याला माझ्याकडे पाठव.

आईच्या पेन्शनचं बघ. ते सदुसष्टचे झाले असते ती तारीख किंवा त्यांच्या जाण्यापासून सात वर्षं, यातलं जे आधी येईल तोवर तिला वाढीव दराने मिळेल, नंतर कमी होईल. तिला आत्ताच सांगून ठेव, पुढे घाबरायला नको. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तिचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच आहे का, तेही तपास. माझ्या आईचं एका ठिकाणी माहेरचं लागलं होतं आणि दोन वर्षं गेली.

त्यांच्याबरोबर कॉनव्हॉयला असलेला कुणी तेराव्याला येईलच. तो बोलू लागला की पंगतीत वाढायचं काम दुसऱ्याला दे आणि त्याच्याजवळ बस. रविवारी माझ्याकडे ये. ती काळी ट्रंक आण, पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेली. कुलपाची किल्ली सापडली नाही म्हणालास, तर आपण इथे उघडू. माझ्याकडे पान्हे आहेत.

तुझा,
सर